सगळ्यांच्या मागचे अण्णा

ओढ्याच्या कडेनं चालताना अण्णा कायम सगळ्यांच्या मागं असत. दमत म्हणून नव्हे; साठी उलटली तरी चालायला ते आम्हा सगळ्यांना भारी होते. पण सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कारखान्यात जन्मभर यंत्रमागावर उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले होते. ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं माणसं नजरेसमोर ठेवावीत, एवढी साधी त्यांची समजूत. "कान कारखान्याला दिले, डोळे माज्याकडंच हाईत की," असं वर हसून सांगत.

मी बावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या मागावर काढली. त्या खडखडाटात कुणी कुणाला हाक मारत नाही. काम पडलं की सुताचा बोळा करून पाठीत मारायचा. माणूस वळतो, मग हातवारे आणि ओठ. अण्णांच्या पाठीत मी असे हजारो बोळे मारले असतील. घरी वहिनींशी तेलुगूत बोलतानाही ते त्यांच्या ओठांकडंच बघत. मुलानं आणलेलं कानाचं मशीन डब्यात पडून होतं. ते लावलं की कानात पुन्हा यंत्रमागच वाजतो, म्हणायचे.

असा हा माणूस पावसाळा सरत आला की सुट्टीच्या दिवशी आम्हा चार-पाच जणांना एसटीत कोंबून येडशीच्या रामलिंगाच्या जंगलात न्यायचा. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्यांना ती सावली म्हणजे चैनच. अण्णा मध्येच थांबत, ओल्या दगडावर तळवा टेकत आणि मला विचारत, ओढा आज काय म्हणतोय. माझं लक्ष जेवणाकडं. खळखळतोय, असं सांगून मी मोकळा होई. ते चिडत. "मागल्या साली बी खळखळ, औंदा बी खळखळ. नीट ऐक की जरा." मग मी खरंच ऐकायला लागलो. मोठ्या उंबराखाली पातेली विसळल्यासारखा आवाज येतो, हे मी त्यांच्यासाठी शोधून काढलं. त्या दिवशी त्यांनी डब्यातली सगळी शेंगाचटणी माझ्या भाकरीवर ओतली.

गेल्या वर्षी माझा गुडघा धरला होता. माझं लंगडणं कुणी बघू नये म्हणून मीच हट्टानं अण्णांना पुढं घातलं. ते कुरकुरले. "पुढं गेलं की मानसं दिसत न्हाईत रे." तरी गेले. वाट जिथं ओढा ओलांडते तिथं मधल्या दगडावर, आमच्याकडं पाठ करून, ते तोंड धुवायला वाकले.

आमच्यावर थेंबही नव्हता, पण वर डोंगरात पाऊस पडला असणार. वळणावरून काट्याकुट्यांसकट तांबडं पाणी येताना दिसलं. अण्णा माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. मी ओरडलो. सगळेच ओरडलो, घसा फाटेस्तोवर. पायाशी दगडगोटे पडले होते. त्यातला एक उचलून पाठीत मारावा, हे मला सुचलं नाही. अण्णा निवांत मानेवरून ओला हात फिरवत होते. दगड हादरला असावा, कारण अगदी शेवटी त्यांनी मान वर केली. दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला ते सापडले.

वहिनींना सांगायचं काम माझ्यावर आलं. मीच त्यांना पुढं पाठवलं, हेही लपवलं नाही. शेवटी, स्वतःलाच धीर यावा म्हणून असेल, मी म्हणालो, "वहिनी, आम्ही लई हाका मारल्या."

त्यांनी डोळ्यांवरचा पदर काढून माझ्याकडं पाहिलं.

"हाका?" त्या म्हणाल्या. "त्यांना?"