निर्मलाच्या हातातला लगाम

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. प्यायल्यावर माणसं काय काय बोलून जातात—मी प्यायलो तेव्हाही एवढं मात्र गिळून बसलो. तुम्ही माझ्या गावचे नाही, माझ्या बायकोला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

आमचं घर दवनीवाड्याला. धानाची शेती, आणि बापाच्या वेळेपासून वरातीची घोडी. लग्नाचे मुहूर्त नसले की जनावरं नुसती खात उभी राहतात, म्हणून मी हिवाळ्यात गोंदियाच्या हौशी लोकांना सालेकस्याच्या जंगलात रपेटीला न्यायला लागलो. दोन दिवसांची वाट. सगळ्यांत पुढे मी, मध्ये पाहुणे, आणि शेवटी भांडी लादलेल्या घोड्याबरोबर पायी माझी बायको, निर्मला. ती सैपाकापुरती. लोक 'दादा, दादा' करत माझ्या मागेपुढे करायचे—मला ते फार गोड लागायचं. कोणाला लागत नाही?

मग मी एका बँडवाल्याकडून मैना घेतली. देखणी घोडी, पण भित्री. वरातीची घोडी नाचायला कशी शिकवतात, माहीत आहे? ताशाचा ठेका धरायचा आणि त्याच ठेक्यावर तिच्या पायांवर छडी मारायची. पुढे छडीची गरज पडत नाही, ठेका पुरतो. मैना नाचायची ती भीतीनं. नुसता पत्रा वाजला तरी थरथरायची. म्हणून रपेटीला निघताना आम्ही सगळी भांडी बारदानात गुंडाळायचो, आणि मी पाहुण्यांना बजावून सांगायचो—कशावरही टकटक करायची नाही. हा नियम माझाच होता.

मैना मला जवळ येऊ देईना. घोड्यांत जन्म गेला माझा, आणि ती मला पाहून कान मागे टाकायची. निर्मलानं वेगळं काहीच केलं नाही. सूप घेऊन तिच्याजवळ तांदूळ पाखडत बसायची, रोज. एके सकाळी पाहतो तर मैनेनं तिच्या खांद्यावर तोंड टेकलेलं. आणखी काही दिवसांनी ही पदर खोचून तिच्या पाठीवर बसली. मी वरवर हसून शाबासकी दिली.

पुढच्या रपेटीला निर्मला मैनेवर होती. पाहुणे तिच्याभोवती. फोटो तिचे, प्रश्न तिला. दुपारी जेवताना त्यांच्यातले एक वकीलसाहेब म्हणाले की पुढच्या वेळेपासून वहिनींनीच पुढे चालावं, आम्हाला जास्त धीर वाटेल. सगळे हसले. निर्मला लाजली, पण नाही म्हणाली नाही. मीही हसलो—आणि ताटातला भात तसाच टाकून उठलो.

बायकोवर कोणी जळतं का? भावावर जळावं, शेजाऱ्यावर जळावं, लोक समजून घेतात. पण जी रोज मला ऊन-ऊन वाढून मग स्वतः जेवते, तिच्यावर? मी जळलो. जेवणानंतर ती माझ्या पुढे निघाली तेव्हा काहीतरी गुणगुणत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिची पाठ इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. मला ती पाहवली नाही.

पुढे नाल्याकडे उतार होता. वाट अरुंद, मुरूम निसटता. ती पुढे, तिच्या लगोलग मी, पाहुणे मागे वळणापलीकडे राहिलेले. माझ्या खोगिराला पाण्याचा रिकामा कॅन लटकत होता—

मी त्यावर बोटांनी हलकेच ठेका धरला. वरातीचा.

चुकून नाही. सवयीनं नाही. घोडी थोडी नाचावी, निर्मला घाबरून ओरडावी, लोकांनी पाहावं—एवढंच मला हवं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण पाहणारे वळणापलीकडे होते, आणि उतार मला दिसत होता. दिसत नव्हता असं कसं म्हणू?

मैना मागच्या पायांवर उभी झाली, पाय निसटले आणि निर्मला उजव्या खांद्यावर दगडांत पडली. मैना बाजूला उभी राहून खुर आपटत होती, ठेक्यात. माझी बोटं तर केव्हाच थांबली होती.

दवाखान्यात तिनं मला विचारलं, "ते काऊन बिचकली जी? तुमी त मांगंच होते."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "तुया लगाम ढिल्ला होता."

तिनं डाव्या हाताची मूठ लगाम धरल्यासारखी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. तो उतार, तो क्षण आठवून पाहत असावी. मग तिनं मान डोलावली. इतका विचार करून तिनं माझं खोटं स्वतःला पटवून घेतलं. मैना मी विकून टाकली, तेव्हाही ती अडवायला आली नाही. आपल्याच हातानं झालं, असं म्हणाली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी आमची मुलगी घालून देते. घोड्यावर ती पुन्हा बसली नाही. वकीलसाहेब फोनवर वहिनी येणार का विचारतात, आणि मी सांगतो की ती घाबरते. रपेटीला पुढे मीच असतो. लोक 'दादा, दादा' करतात. आणि—हेही सांगून टाकतो—मला ते अजूनही गोड लागतं.

यंदा मुलगी म्हणाली, मलाही शिकायचंय. अंगणात मी एक शांत घोडा धरून उभा होतो. निर्मला घरातून आली. डाव्या हातानं तिनं मुलीच्या मुठीत लगाम दिला आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"घट्ट धरजो माय," ती म्हणाली. "म्या ढिल्ला सोडला होता."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं, मीही पोरीला समजावावं म्हणून.

मी पोरीला म्हणालो, आई सांगते तसंच धर.