गच्चीमावशीची पापडी

आमच्याकडे तेलाचा नवा डबा आला, की गच्चीमावशीचं त्याच्यावर बारीक लक्ष असायचं. डबा भरलेला आहे याचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. तो रिकामा कधी होतो, एवढीच घाई. चार दिवस गेले की दारात उभी. "सरनं का वं तेल?" शेजारच्या लग्नात आम्ही सगळ्या नवरीचे दागिने बघत होतो आणि ही आचाऱ्याचे डबे. निघाली ती दोन डबे काखोटीला मारूनच.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेला, उधन्यात आले. नवरा यंत्रमागावर, राहायला एकच खोली, आणि मला तिथं मुळीच करमत नव्हतं. मावशी आमच्याच भागातली, दोन दारं सोडून राहायची. एका दुपारी तिनं मला रडताना पाहिलं. समजूतबिमजूत काही नाही. हातात फुटकं घमेलं दिलं आणि गच्चीवर घेऊन गेली. तिथं तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली तिची वांगी, मिरच्या आणि पाण्याच्या टाकीवर चढवलेला पापडीचा, म्हणजे वालाच्या शेंगांचा, वेल होता. मला मात्र मेथीच टाकायला लावली. नवशिक्या माणसानं लवकर उगवणारं लावावं, म्हणजे धीर सुटत नाही, असं तिचं म्हणणं.

तिची स्वतःची सुरुवात फसली होती. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, मोठ्या हौसेनं गावाहून गोणीभर काळी माती आणली. शेतात सोनं पिकवणारी ती माती डब्यात वाळून दगड झाली. मग मावशीनं रसवाल्याकडचा उसाचा चोथा आणून कुजवला, मातीत कालवला आणि डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. "माटीले बी दम लेवाले जागा लागस," असं ती मला सांगायची. माझी मेथी उगवली, भाकरीबरोबर खाल्ली आणि त्या दिवशी सुरत मला पहिल्यांदा बरी वाटली.

झाडांशी ती प्रेमानं बोलते असं कुणाला वाटलं, तर त्यानं एकदा ऐकायला हवं होतं. "रोज पानी पेस, देस काय?" असा वांग्याचा उद्धार चालायचा. वांगीही बहुधा घाबरूनच धरायची.

त्या हिवाळ्यात घरमालक शेठ वर आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. स्लॅबला ओल येईल, शिवाय उत्तराणला, म्हणजे संक्रांतीला, त्यांचे पाहुणे पतंग उडवायला येणार. "मावशी, उत्तराण पेलां धाबुं खाली जोइए." म्हणजे त्याआधी गच्ची रिकामी हवी. मावशी वाद घालत बसली नाही. सगळे डबे तिनं कठड्याकडेला विटांवर चढवले आणि मधली गच्ची झाडून लख्ख केली. शेठ जरासे नरमले; पण एकाही पाहुण्यानं कुरकुर केली तर सगळं खाली जाईल, असं बजावून गेले. त्या आठवड्यात मावशीला जेवण गेलं नाही. तिच्यापेक्षा मीच जास्त धास्तावले होते.

उत्तराणच्या सकाळी गच्ची माणसांनी भरली. शेठच्या म्हाताऱ्या आई, त्यांना सगळे बा म्हणत, कितीतरी वर्षांनी दोघांच्या आधारानं वर आल्या. पतंगांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या थेट टाकीपाशी गेल्या, वेलाची एक शेंग तोडली आणि तिथंच कच्ची खाल्ली. डोळे पुसत म्हणाल्या, माहेरी दारात असाच वेल होता. तेवढ्यात एका पाहुण्यानं वाटेतला डबा पायानं सरकवला. बांनी मुलाकडे वळून एवढंच सांगितलं, "आ डबलां अहींज रहेशे." डबे इथंच राहणार. शेठनं मान खाली घातली. मावशीनं पदरात पापडी तोडली आणि बांच्या घरच्या उंधियूसाठी दिली. मला इतका आनंद झाला होता की मी कोणाचा तरी पतंग धरून नाचत होते.

काकाही यंत्रमागावरच होते; पुढं मागाच्या खडखडाटानं त्यांना ऐकू येईनासं झालं आणि दोघं गावी परतायला निघाली. गाडी सुटेपर्यंत मी हसत होते, घरी येऊन मनसोक्त रडले. संध्याकाळी झाडं सुकतील म्हणून बादली घेऊन वर गेले, तर शेठ आधीच तिथं होते. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात तांब्या. मला बघून जरा ओशाळले आणि किती घालायचं ते कळेना म्हणून हळूच विचारलं, "पापडीने केटलुं पाणी?"