बाजूला काढून ठेवलेलं पान

हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं. नंतर खाली कमेंटमध्ये "ताई, तुम्हाला भास झाला असेल" वगैरे लिहिलंत तर मी उत्तर देईन, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. मी सिल्वासात एका यार्नच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. समोरचा माणूस "मॅडम, माल ओके आहे" म्हणाला की त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. भूतबाधा, अंगात येणं, नजर लागणं... असल्या सगळ्याला मी जन्मभर रिजेक्टचा शिक्का मारत आले आणि अजूनही मारते. पुढे जे लिहितेय ते घडलं, एवढाच माझा दावा आहे.

आम्ही मूळचे अलिबागकडचे. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, किलवणी नाक्याजवळच्या फ्लॅटमध्ये. धाकटा भाऊ पुण्यात असतो. सिल्वासात काही खायला मिळत नाही असं इथे बदलून आलेले सगळे म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, शोधा ना! आम्ही मायलेकी दर रविवारी गाडी काढून शोधायचो. कारखान्यातल्या पोरांसाठी शेवभाजीची मेस चालवणाऱ्या जळगावच्या काकू आम्हाला अशाच सापडल्या. हायवेला लागायच्या आधी एक पत्र्याची शेड आहे, तिथे बिहारी भाऊ लिट्टी भाजतो, तीही अशीच. खानवेलच्या रस्त्यावरचं ते काठियावाडी... असो. शोधायचं काम माझं आणि निकाल द्यायचं आईचं. घास तोंडात गेला की ती डोळे मिटायची आणि मग सांगायची, धणे भाजलेले नाहीत, किंवा तेल कालचं आहे. तिचं सहसा चुकायचं नाही.

मग तिला ताप आला. कसला ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ताप उतरला, पण चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाहीही येणार. सुरुवातीला आई चेष्टा करायची, की आता तुझ्या हातचं खायला हरकत नाही. पण महिने उलटले तशी ती ताटावर बसेनाशी झाली. भात म्हणजे ओला कागद आणि पोळी म्हणजे कोरडा, असं म्हणायची. दोन घासांनंतर तोंड फिरवायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी शेवटी तर ती पाण्यालाही नको म्हणायला लागली, आणि डॉक्टरांनी नळीनं भरवायचा विषय काढला. मी त्यांच्याशी भांडले आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडले. माझी आई भुकेनं जाणार होती, भरल्या स्वयंपाकघरात. मला ते मान्य नव्हतं.

म्हणून मी रविवार चालूच ठेवले. भाऊ फोनवर म्हणायचा, तिला कशाला फरफटवतेस. पण मी तिला शाल गुंडाळून गाडीत बसवायचेच.

थंडीचे दिवस होते. रांधा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला शेताच्या कडेला धूर दिसला आणि चार-पाच गाड्या उभ्या. उंबाडियुं! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या पोपटीची ही गुजराती बहीण. वालपापडीच्या शेंगा, कंद, रताळी, बटाटे हिरव्या मसाल्यात घोळवून मडक्यात भरायचे, तोंडाशी एक उग्र वासाचा पाला कोंबायचा, मडकं उलटं करून वर जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. आमच्याकडे पोपटीत भांबुर्डीचा पाला असतो, इथे वेगळा. सोबत हिरवी चटणी आणि ताक.

गाडा रमीलाबेन आणि त्यांच्या नवऱ्याचा. अर्थात नाव मला नंतर कळलं. त्यांनी दिवसाचं पहिलं मडकं राखेतून काढून टोपल्यात ओतलं, त्यातलं थोडं पळसाच्या पानावर घेतलं, वर चटणीचं बोट लावलं आणि पान मागच्या दगडावर ठेवलं. आता तुम्ही इकडे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, फरसाणाच्या कुठल्याही दुकानात आधी चाखायला देतात. न चाखता इथे कोणी शेवसुद्धा घेत नाही. मी समजले, हे चाखायला काढलंय. गर्दीच्या बाजूनं गेले, पान उचललं आणि सरळ गाडीच्या खिडकीतून आईच्या हातात दिलं.

ती नको म्हणाली. मी म्हटलं, एक पापडी, माझ्यासाठी. तिनं कंटाळून तोंडात टाकली आणि चावताना तिचे डोळे मिटले.

"कलार जरा जास्त झालाय," आई म्हणाली.

मी विचारलं, काय जास्त झालंय? तर म्हणाली, अगं पाला, आणि पुढचा घास घेतला. ते सगळं पान तिनं संपवलं. चटणी बोटानं पुसून खाल्ली. मी डिकी उघडून तिच्या झाकणाआड उभी राहून ढसाढसा रडले, शेजारच्या वापीच्या गाडीतली माणसं बघत होती तरी.

मडक्याच्या तोंडाशी घालतात त्या पाल्याला कलार म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आईला माहीत असायचं कारणच नव्हतं. कोणीतरी गाड्यावर बोललं असेल आणि तिनं ऐकलं असेल, असं तुम्ही म्हणाल. गाडीच्या काचा बंद होत्या हो. खिडकी मी पान द्यायला उघडली.

तेवढ्यात रमीलाबेन शोधत आल्या. आईच्या मांडीवरचं रिकामं पान बघून त्यांचा चेहराच उतरला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या घाबरल्या होत्या.

"बेन, ते चाखवानुं नव्हतं," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "ए तो आमच्या डोशीनुं पान हतुं."

डोशी म्हणजे त्यांची सासू. ह्याच जागेवर तिनं मडकं लावायला सुरुवात केली होती, आणि मागच्या पावसाळ्यात ती गेली. तेव्हापासून पहिल्या मडक्यातलं पहिलं तिच्यासाठी काढून ठेवतात. मग कावळा खातो, कुत्रं खातं, त्याला हरकत नाही. माणसानं मात्र ते खायचं नसतं. आता तुमच्या आईच्याच हातानं एक पान भरून त्या दगडावर परत ठेवायला हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी हो हो म्हटलं, आणखी दोन माणसांचं बांधून घेतलं आणि निघाले. त्या क्षणी कोणी मला उलटं टांगून घ्यायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

घरी आल्या आल्या मी वाल भिजत घातले. बिरडं म्हणजे आईचा जीव. दोन दिवसांनी नारळाचं दूध घालून साग्रसंगीत केलं आणि ताट पुढे ठेवलं. तिनं एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"काहीच लागत नाही गं," ती म्हणाली.

सोलकढी नाही. ओल्या बोंबलाचं कालवण नाही. पण बांधून आणलेलं उंबाडियुं शिळं होईपर्यंत तिनं पुरवून खाल्लं. मी चक्रावले. मग कामावर करते तेच केलं, एकेक गोष्ट वेगळी करून तपासली. नाचणीची भाकरी लागली. हीच आई आधी नाचणीला आजाऱ्याचं खाणं म्हणून नाक मुरडायची! उकडलेला कंद लागला. आठवडी बाजारातून आणलेल्या सुक्या बोंबलाची लसूण-मिरची घालून चटणी केली, ती लागली. तोच मासा ओला आणून नारळ घालून कालवण केलं की कागद. उडदाची डाळ मी फोडणी देऊन केली तर तिनं ताट सरकवलं आणि सांगितलं, उडीद आधी भाजायचे, मग भरडायचे, फोडणी अजिबात द्यायची नाही. तुला कोणी शिकवलं, म्हटलं. म्हणाली, शिकवायचं काय त्यात?

मधल्या काळात मी तिची बाकीही परीक्षा घेतली, चोरून. बाबांच्या सवयी, आमच्या गल्लीतली भांडणं, मी शाळेत कोणाचा डबा खाल्ला होता ते. सगळं जिथल्या तिथे. शब्दकोडं सोडवते, माझ्या केसांवरून बोलते, भावाला फोनवर झापते. माझी आई माझी आईच होती. फक्त तिची जीभ...

डॉक्टर म्हणाले, चव अशीच तुकड्या-तुकड्यांनी परत येते, उग्र चवी आधी कळतात. मी विचारलं, मग नाचणीची भाकरी उग्र की बोंबलाचं कालवण? त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. भाऊ म्हणाला, सोप्पं आहे, ती बाई सांगते तसं पान परत ठेव आणि मोकळी हो, तुझं काय जातं. गंमत बघा, अमेरिकन कंपनीत काम करतो, पण पहिला घाबरला तो.

मी रमीलाबेनकडे गेले, एकटीच. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. काय काय घडलं ते सगळं सांगितलं. भाजलेल्या उडदाचं ऐकल्यावर त्या चुलीपाशी बसूनच राहिल्या. डोशी डाळ तशीच करायची, म्हणाल्या. मग पुन्हा तेच, पान परत ठेवा.

"आणि ठेवल्यावर माझ्या आईची चव पुन्हा गेली तर?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, ते मला नाय ठाऊक.

"मग मी नाही ठेवणार."

"डोशी भूखी रहेशे, बेन."

"नाही राहणार," मी म्हटलं. "माझ्या घरी जेवतेय ना ती, रोज, दोन्ही वेळा."

मी, भुतंखेतं न मानणारी बाई, हे बोलले. मला लाज वाटली नाही. विश्वास नाही म्हणून परत ठेवलं नाही असं सांगितलं असतं तर शहाणी दिसले असते, पण ते खोटं झालं असतं. आईच्या बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या होत्या. ते कोणाच्या पुण्याईनं आणि कोणाच्या भुकेनं, याची चौकशी मी करणार नव्हते. जिच्या वाट्याचं होतं तिनं येऊन माझ्याशी भांडावं.

हंगाम संपला, गाडा बंद झाला. एक दिवस दारावरची बेल वाजली तर रमीलाबेन, हातात स्टीलचा डबा. त्यांना मीच कधीतरी पत्ता सांगितला होता. चटणी आणलीय म्हणाल्या. आईनं त्यांना त्या दिवशी गाडीच्या काचेतून पाहिलं असेल तेवढंच. नाव माहीत नाही, नातं माहीत नाही... पान प्रकरण तर मी आईला सांगितलंच नव्हतं. आईनं बोटानं चटणी घेतली, डोळे मिटले.

"लसूण सोलून घातलास," ती म्हणाली. "सालासकट ठेचायचा म्हणून किती वेळा सांगायचं?"

रमीलाबेननं डोक्यावर पदर घेतला आणि खाली फरशीवर बसल्या. मला वाटलं, ह्या आता ओरडणार, किंवा पाया पडणार. त्या रडत होत्या, पण जरा वेळानं नाक पुसून त्यांनी विचारलं, बीजुं शुं? म्हणजे, आणखी काय? आणि आई सांगत गेली, मीठ कधी, मिरची कुठली. गुजराती आईला येत नाही, पण त्या दोघींचं अडलं नाही. जाताना त्या दारात मला हळूच म्हणाल्या की सासू गेल्यापासून त्यांच्या हातच्याला नावं ठेवणारं घरात कोणी उरलंच नव्हतं. पान परत ठेवायचं त्या काही बोलल्या नाहीत. आता येतात अधूनमधून, डबा घेऊन.

तर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. डॉक्टरांकडे आहे, भावाकडे आहे, तुमच्यातल्या दहा जणांकडे असेल, आणि एकानंही ओल्या आणि सुक्या बोंबलाचा प्रश्न सुटत नाही. बिरड्याची चव आईला आजतागायत लागत नाही. ती माझ्यासाठी ते न चाखता करते आणि कसं झालंय ते मला विचारते. त्याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं.

त्या दिवशी रमीलाबेन गेल्यावर आईनं विचारलं, ही बाई का रडली? मग मी सगळं सांगून टाकलं. दगडावरचं पान, कोणाचं होतं ते, आणि मी ते परत ठेवायला नाही म्हटलं ते. वाटलं, आता माझी धडगत नाही. परक्याच्या वाट्याचं खाल्लेलं तिला कधी खपलं नव्हतं. ती जेवत होती. भाकरीचा तुकडा तिनं हातात तसाच धरला.

मग आमच्याकडे पंगतीला पाहुणे असले की ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात ती ताटाकडे बघत म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, अजून एक भाकरी टाक.