किशोर बागवाल्याची गिटार

शेंदूरजनाघाटचा किशोर बागा घेतो. झाडावर उभा असलेला संत्र्याचा माल बघायचा आणि सौदा करायचा, हा त्याचा धंदा. बाग बघायला गेला की बांधावरच्या झाडांकडे तो ढुंकूनही बघत नाही. रस्त्यावरून दिसणारी झाडं मालकानं लाडानं वाढवलेली असतात, असं त्याचं पक्कं मत आहे. तो सरळ बागेच्या पोटात शिरतो, जिथं कोणी त्याला नेत नाही तिथं.

घरीही तसंच. नवा कुकर आणला तर पहिली शिट्टी होईपर्यंत हा स्वयंपाकघराच्या दारात उभा. डॉक्टरनं तपासून काही नाही म्हटलं, की याचा संशय डॉक्टरवर. त्याची बायको पौर्णिमा म्हणते, "आमचं लग्न झालं, पण यांची खात्री झाली का नाही, काय मालूम."

असा माणूस इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, हे गावात सांगूनही कोणाला खरं वाटत नाही. पण तो वाजवतो, आणि सुरेख वाजवतो. अमरावतीला कॉलेजात असताना तो आणि अकोल्याचा मोईज एका ऑर्केस्ट्रात होते. मोईज कीबोर्डवर, किशोर गिटारवर. स्टेज नेहमी लहान असायचं, म्हणून किशोरची जागा ड्रमच्या झांजांना अगदी खेटून. लग्नं, गणपती, उरूस अशी बरीच वर्षं गेली. मग ऑर्केस्ट्रा मोडला. किशोर बागांत गेला. मोईजनं अकोल्यात पडद्यांचं दुकान घातलं आणि दुकानावरच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलं.

यंदा मोईजचा फोन आला. दोघांनी मिळून बसवलेल्या जुन्या धुना नीट रेकॉर्ड करायच्या, असं त्याच्या मनात होतं. "मी इकडं बाकीचं करतो. तू घरी बसून गिटार वाजव अन् पाठव."

किशोर दिवसभर हसत होता. त्या धुनांत त्याचं तरुणपण होतं, आणि ते कोणी मागितलं नव्हतं इतकी वर्षं. संध्याकाळी मात्र त्याला आठवलं. फोनवर मोईजच्या मागं कोणाची तरी गिटार वाजत होती.

"पियुष आहे," मोईज पुढच्या फोनवर म्हणाला. "पोरगा रेकॉर्डिंग शिकाले येते. बरा वाजवते."

किशोरनं हा शब्द मनात ठेवला. बरा वाजवते.

आता प्रश्न आवाजाचा. इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज तारेतून नाही, तो मोठा करणाऱ्या ॲम्पमधून येतो. किशोरचा जुना ॲम्प मोठ्यानं लावला तरच बोलायचा, आणि मोठ्यानं लावला की शेजारी बोलायचे. माईकमध्ये गिटारबरोबर ऑटोचा हॉर्न आणि घरातल्या मिक्सरची घरघरही जायची. मोईज म्हणाला, आजकाल पुस्तकाएवढी मशीन मिळते, ती ॲम्पची नक्कल करते. गिटार तिच्यात, ती कॉम्प्युटरात. घरात चूं नाही.

नक्कल म्हटल्यावर किशोरचे कान टवकारले.

अमरावतीच्या दुकानात त्यानं तशी मशीन मागितली. दुकानदारानं पहिल्या नंबरचा आवाज लावून दिला. भारदस्त, झोकदार.

"हा नाही," किशोर म्हणाला. "मधातला लाव."

"काका, पहिला सगळ्यात मस्त आहे."

"म्हणूनच. पहिला तुमी दाखवाले ठेवला असन."

मधले आवाज त्यानं एकेक ऐकले. मग एका बटणावर बोट ठेवलं. "हे काय?"

"ॲम्पला लाकडी पेटीतला स्पीकर असतो ना, काका. टोचरा आवाज ती पेटी गाळून घेते. हे बटण म्हणजे ती पेटी."

"म्हणजे झाकण."

"झाकण नाही, गाळणी."

किशोरनं बटण बंद केलं. आवाज मोकळा झाला, अंगावर आला. त्याला जुनं स्टेज आठवलं. चालू केलं, तर गिटारवर कोणी गोधडी टाकल्यासारखं. वरून पानं घालून आलेली संत्र्याची पेटी त्यानं कधी न उघडता घेतली नव्हती. झाकलं की खाली काही तरी असतंच.

"बंद करू नका, काका. फार खरखर येते."

"मले तर नाही आयकू आली खरखर."

दुकानदार हसला. गिऱ्हाईक गंमत करतं आहे असं त्याला वाटलं.

मशीन घरी आली. ते बटण बंदच राहिलं, आणि आवाजातली धार वाढवायचं दुसरं बटण शेवटपर्यंत फिरलं. किशोरनं पहिली धून वाजवून पाठवली. मोईजचा निरोप आला, वाजवलं एक नंबर, फक्त मशीनमधला दुसरा ॲम्प लावून पाहा. दुसरा लावला. मग मोईज म्हणाला, केबल बदल. केबल बदलली. मग म्हणाला, मशीन सोड, कॉम्प्युटरातलं सॉफ्टवेअर वापर, त्यातले ॲम्प चांगले आहेत.

सॉफ्टवेअर मुलीनं, दामिनीनं, लॅपटॉपवर चढवून दिलं. काही दिवस फुकट होतं.

"फुकट काहून देते?" किशोरनं विचारलं.

"आवडलं तर विकत घ्याल म्हणून, बाबा."

"म्हणजे बांधावरचं झाड."

तिथंही त्यानं स्पीकरची पेटी बंद केली आणि धार वर नेली. वाजवलेलं दामिनीला ऐकवलं. तिनं हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढला.

"बाबा, कानात टाचणी गेल्यावानी होते."

किशोर तिच्याकडे बघत राहिला. "तुले मोईजकाकानं फोन केला होता काय?"

"काका मले काहून फोन करन?"

"मग तुमी दोघं बी माझ्या आवाजालेच कसे नावं ठेवून राहिले?"

दामिनी उठून गेली. जाताना पौर्णिमाला म्हणाली, "आई, बाबाले आता माझ्यावर बी डाऊट आहे." पौर्णिमा आतून म्हणाली, "या घरात जन्म घेऊन तुले आत्ता समजलं?"

त्याच आठवड्यात मोईजचा शेवटचा निरोप आला. "तू कोणताच ॲम्प नको लावू. नुसती तार वाजव, कोरी पाठव. आवाज मी इकडं लावतो."

किशोरनं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. सगळं जुळत होतं. आधी मशीन वाईट, मग केबल वाईट, मग आवाजच नको. बोटं याची, आवाज दुसऱ्याचा. उद्या म्हणेल, बोटं बी राहू दे, पियुष बरा वाजवते. जुन्या धुनांवर नाव मोईजचं, गिटार पोराची, आणि किशोर शेंदूरजन्यात संत्री मोजत बसलेला.

न कळवता तो सकाळच्या बसनं अकोल्याला निघाला.

पडद्यांच्या दुकानामागचा जिना चढताना वर गिटार वाजत होती. किशोर मधेच थांबला. धून त्याचीच होती. आवाज त्याचा नव्हता. दबलेला, गोधडीखालचा. पियुषच, दुसरं कोण. त्यानं दार ढकललं.

खोलीत मोईज एकटाच होता, कॉम्प्युटरसमोर. गिटार स्पीकरमधून येत होती.

"अबे! फोन करून यायचं ना, यार."

"कोण वाजवून राहिला हे?"

"तूच."

"झूट नको बोलू."

मोईजनं तेच मागं नेऊन पुन्हा लावलं. एका जागी बोट तारेवरून घसरून सूर उशिरा लागत होता. ती चूक किशोरची, कॉलेजपासूनची. ती तर कोणी मुद्दाम करू शकत नव्हतं.

"माझा आवाज दाबला तू," किशोर म्हणाला.

"वरचं कापलं. टोचत होतं."

"कोणाले टोचत होतं? मी पाठवला तसा लाव. माझ्यासमोर लाव."

मोईजनं हात वर केले आणि खुर्ची सोडली. "हे बटण वरच्या आवाजाचं. तूच फिरव. उजवीकडं नेलं की तू पाठवला तसा."

किशोर बसला. बटण धरून हळूहळू उजवीकडे नेलं. सुरुवातीला आवाज थोडा उघडला. मग तो तसाच राहिला. बटण फिरत होतं, आवाज जागचा हलत नव्हता. बटण खोटं आहे, त्याला वाटलं. म्हणून त्यानं मोईजकडे पाहिलं.

मोईजनं डोळे बारीक केले होते. मग त्याची मान खांद्यात गेली. मग त्यानं दोन्ही कानांवर हात धरले.

किशोरनं बटण थोडं डावीकडे आणलं. मोईजचे हात खाली आले. पुन्हा उजवीकडे नेलं. हात कानांवर. किशोरच्या कानाला तिन्ही वेळा आवाज तोच.

असं नाटक कोणी इतकं बिनचूक करू शकत नाही. त्यानं मोईजला पाठ करून बसायला सांगितलं, आणि गुपचूप फिरवून पाहिलं. पाठ करूनही मोईज बरोबर वेळेला आक्रसला.

किशोरनं गिटार बंद केली. खाली दुकानात पडद्याच्या कड्यांत कोणी दांडी ओवत असेल, त्यांचा किणकिणाट होत असेल. तो त्याला ऐकू येत नव्हता. याआधी त्याला हे कधी जाणवलंच नव्हतं.

"कधीपासून मालूम होतं तुले?"

"पहिल्या धूनपासून शक होता. त्या झांजांनी तुझे कान खाल्ले, यार. तू त्यायच्या मांडीवर बसून वाजवत होता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तू मानला असता?"

किशोरनं बटणावरचा हात काढला. मग म्हणाला, "मले वाटलं, तू पियुषले घेतलं."

"पियुष?" मोईज मोठ्यानं हसला. "त्याचा सूर वेळेवर लागते. आपल्या धूनमंधी तसा चालत नाही."

किशोरलाही हसू आलं, पण ते अर्ध्यात राहिलं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याच्या शब्दावर एक फळ घेतलं नव्हतं. आता स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या कानावर सोडायचा होता. नाही तर गिटार खुंटीला, आणि धुना त्याच्याशिवाय.

मग त्यानं मोईजच्या खोलीतली गिटार घेतली आणि तिची केबल थेट कॉम्प्युटरला लावली. ना मशीन, ना सॉफ्टवेअरमधला ॲम्प. तार छेडली. आवाज बारीक, कोरडा, उघडा आला.

"लाव रेकॉर्डिंग. ॲम्प कोणता लावायचा, तू पाहा."

"सांगून लावू?"

"सांगू नको," किशोर म्हणाला. वाजवायला हात उचलला आणि परत खाली ठेवला. "लावल्यावर एकदा पियुषले आयकव. दामिनीले बी पाठव. ते काय म्हणते, तेवढं मले सांग."