इतिहासातला जोब लंट

बेथाया लंटला वाचता येत होतं, पण लिहिता येत नव्हतं, आणि हेरिंग नेक गावात त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बायबल वाचता यावं म्हणून मुलींना अक्षरं शिकवत. लिहिणं हे पुरुषांचं काम, आणि त्यातही पाद्री थॅक्सटरांचं. ते लिहायला बसले की हात आखडता घेत नसत. प्रवचनांनी दोन पेट्या भरल्यावर त्यांनी वसाहतीचा इतिहास लिहायला घेतला होता. आपले वाडवडील या किनाऱ्यावर उतरले तेव्हापासून देवाने कुणाला कसं तारलं आणि कुणाला कसं शासन केलं, ते सगळं त्यात यायचं होतं. कुणाच्या गोठ्यावर वीज पडली की पाद्रीसाहेब दुसऱ्याच दिवशी चौकशीला हजर. दारुड्याचा पाय मोडला, शिवराळ माणसाची जीभ सुजली, सगळं त्यात जायचं. शिवाय प्रत्येक हकिकतीच्या शेवटी देवाचा हेतू काय होता, तेही ते लिहून टाकत. देवाला विचारायची सोय नसल्यामुळे त्यात कधी खाडाखोड व्हायची नाही.

या लिखाणाशी बेथायाचा संबंध पिसांपुरता. तिने हंस पाळले होते. महाखट जात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्या फोडणारी. त्यांच्या पंखांतली चांगली पिसं ती लेखणीसाठी पाद्रीसाहेबांच्या घरी पोचवी आणि मागच्या दारानेच परत येई.

तिचा जन्म इथलाच. आई देवीच्या साथीत गेली, मावशीने वाढवलं, आणि मावशीचा हात मायेपेक्षा शिस्तीचा जास्त होता. पुढे जोब लंटशी लग्न झालं तेव्हा तिला घरातली शांतता पहिल्यांदा आवडली. जोब फार सावकाश बोलायचा. त्याने वाक्य सुरू केलं की ऐकणाऱ्याने विहिरीवरून पाणी आणावं, तरी शेवट चुकायचा नाही. तो शिंपल्या काढी, मासे खारवी, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस खाडीपलीकडच्या बेटावर खाजणातलं गवत कापायला जाई. एका बाबतीत मात्र त्याला घाई असायची. शनिवारचा सूर्य मावळला की शब्बाथ, देवाचा विसाव्याचा दिवस, लागतो, मग कुऱ्हाड नाही, झाडू नाही, वल्हं नाही. जोब शनिवारी दुपारपासूनच सूर्याकडे डोळे लावून बसे. घेवड्याचं मडकं भट्टीत गेलं का, पाणी भरून झालं का, असं चारचारदा विचारी. बेथाया म्हणायची, देवाला नसेल एवढी घाई तुम्हाला आहे.

तो गेला तोही शनिवारीच. तो आणि त्याचा जोडीदार इनॉक पेटिंगल बेटावर गवत कापत होते. ओहोटी लागली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा तिथे एकमेकांच्या अंगावर येतात. इनॉक म्हणाला, भरतीपर्यंत थांबू. पण भरती येईपर्यंत अंधार पडला असता, शब्बाथ लागला असता, आणि मग रविवारचा सूर्य मावळेपर्यंत दोघांना उपाशीपोटी बेटावरच बसावं लागलं असतं. इनॉकची त्याला तयारी होती. जोब म्हणाला, नाही, मी उजेडात घरी पोचतो. गवताने भरलेला पडाव वल्हवत तो एकटाच निघाला आणि दांड्यावर पडाव उलटला.

रविवारी सकाळी लोक प्रार्थनेला सभाघराकडे चालले होते, तेव्हा पालथा पडाव आणि पाण्यावर पसरलेलं गवत त्यांनी पाहिलं. शब्बाथ लागल्यावरही गवत आणत होता, असंच सगळ्यांना वाटलं. पाद्री थॅक्सटर तेव्हा तरुण होते, नवे होते. दुपारच्या प्रवचनात त्यांनी तोच विषय घेतला, आणि प्रवचन इतकं रंगलं की डुलक्या घेणाऱ्यांना काठीने ढोसणारा माणूससुद्धा काठी विसरून ऐकत राहिला. खरं काय घडलं ते माहीत असलेला एकटा माणूस त्या वेळी बेटावर बसून, पोटात कावळे ओरडत असताना, शब्बाथ पाळत होता. सूर्य मावळल्यावर इनॉक आपल्या होडीतून परत आला आणि त्याने सगळं सांगितलं. पण तोवर देवाचा हेतू व्यासपीठावरून जाहीर झाला होता. लोक म्हणाले, मित्र आहे, मेलेल्याची बाजू घेणारच. शिवाय इनॉकला सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, जरा जास्त प्रिय होती.

गाव वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. बेथायाच्या दारात दर हिवाळ्यात कुणीतरी लाकडं टाकून जाई. पण शनिवारी संध्याकाळी पोरं बाहेर रेंगाळली की आया हाक मारत, घरात ये, नाहीतर तुझा जोब लंट होईल. बेथाया ते ऐके आणि शेगडीतली राख सारखी करत बसे. तिची मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. बोलणं काय, वाऱ्यावर जातं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. ती समजूत वर्षानुवर्षं टिकली.

मग एका गुरुवारी, आठवड्याच्या व्याख्यानाच्या दिवशी, पाद्रीसाहेबांनी बॉस्टनला छपाईला जाणारी काही पानं वाचून दाखवली. त्यात जोब होता. गवताच्या लोभाने ज्याने परमेश्वराच्या दिवसातला एक तास चोरला, आणि परमेश्वराच्या समुद्राने ज्याला त्याच तासात गिळलं, असा जोब लंट, नावानिशी. बायकांच्या बाकांवरून तीनचार माना बेथायाकडे वळल्या. सभाघरात बाईने तोंड उघडायचं नसतं. तिने उघडलं नाही. पण घरी जाताना जुनी समजूत पुरेना. बोलणं वाऱ्यावर जातं. छापलेलं जात नाही. नातवंडं वाचायला शिकतील तेव्हा आजोबा त्यांना असे भेटणार होते.

दुसऱ्या दिवशी पिसांची जुडी घेऊन ती गेली, या वेळी पुढच्या दाराने. पाद्रीसाहेब आता पिकले होते, डोळे अधू झाले होते. पिसं ठेवून ती उभीच राहिली.

"बसा, बेथायाबाई," ते म्हणाले. "तुम्ही कशासाठी आलात ते कळलं मला."

"मग बरंच झालं. माझं बोलणं वाचलं."

"इनॉक काय म्हणाला होता ते मी विसरलेलो नाही."

"पण ऐकलं नव्हतंत."

"नाही ऐकलं."

"प्रवचन होऊन गेलं होतं ना," बेथाया म्हणाली. तिने हे टोमण्यासारखं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

पाद्रीसाहेबांनी पिसांची जुडी बाजूला सरकवली. मग त्यांनी जे सांगितलं त्यात राग नव्हता. होती ती अडचण. आपण खोटं लिहिलं असं त्यांना वाटत नव्हतं, पण खरं लिहिलं असंही ठामपणे म्हणवत नव्हतं. समजा, इनॉकचं खरं धरलं. मग त्या हकिकतीचं करायचं काय? देवाचा दिवस मोडणाऱ्याला देवाने बुडवलं, हे माणसाला कळतं. पण तो दिवस पाळण्यासाठीच जो जिवाच्या आकांताने वल्ही मारत होता, त्याला?

"तुम्हीच सांगा, मी काय लिहू? माणूस देवाची आज्ञा पाळायला धावला आणि देवाने त्याला बुडवला, असं लिहू?"

बेथायाने हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला होता की तिला आता त्याची भीती वाटत नव्हती. "काय घडलं तेवढं लिहा," ती म्हणाली. "देवाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, पाद्रीसाहेब. तुम्ही फक्त ते लिहून मोकळे झालात."

हेरिंग नेकमध्ये पाद्रीला असं कुणी बोललेलं नव्हतं. आपण काय बोलून बसलो ते कळून बेथाया दाराकडे वळली. पाद्रीसाहेब तिच्यावर ना रागावले, ना त्यांनी वचन दिलं. हिवाळा आहे, जपून जा, वाट निसरडी आहे, एवढंच म्हणाले.

पानं बॉस्टनला गेली. त्यांत काय आहे ते तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मध्यंतरी गावात एक कुजबुज उठली. पुस्तकात एके ठिकाणी शेवटची ओळ गळली आहे का, असं छापणाऱ्याने विचारलं होतं, आणि गळलेली नाही, असं पाद्रीसाहेबांनी कळवलं होतं. कुठली ओळ, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

वसंतात पुस्तक आलं. सभाघरात ठेवलेली प्रत बेथायाने मागून घरी आणली आणि इनॉकला बोलावून घेतलं, कारण त्याला वाचता येत नव्हतं. म्हातारा टोपी मांडीवर ठेवून समोर बसला. पानामागून पान गेलं, विजा पडल्या, जहाजं फुटली, आणि प्रत्येकाखाली देवाचा हेतू. मग ते पान आलं. बेथाया बोट ठेवून वाचू लागली.

"जोब लंट, या गावचा, शब्बाथ लागण्याआधी घरी पोचावं म्हणून ओहोटीत निघाला आणि दांड्यावर बुडाला. त्याने तो दिवस मोडला नव्हता."

ती थांबली. इनॉक म्हणाला, "पुढे, वहिनी?"

"पुढे काही नाही. पुढे दुसऱ्या गावची वीज आहे."

"म्हणजे देवाने असं का केलं, कशासाठी केलं, काहीच नाही?"

"नाही."

इनॉकने टोपी हातात घेऊन फिरवली. "मग एवढंच, की तो घरी येत होता."

"एवढंच, भाऊजी," बेथाया म्हणाली, आणि जोब गेल्यापासून जे रडणं तिने कुणाला दिसू दिलं नव्हतं, ते ती इनॉकच्या समोर रडली.