झिलूअण्णाचा शेवटचा खडा

झिलूअण्णा म्हंजे माझा थोरला भाऊ. चिऱ्याचं बांधकाम करायचा. जोयड्यापासून गणेशगुडीपर्यंत त्येच्या हातच्या भिंती हाईत. डोकं मात्र लई तापट. भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा हलवला म्हणून एका गड्याचे दोन दात पाडले हुते त्येनं!

माझा नवरा लखू त्याहून वाईट. अण्णा दुसऱ्यांना मारायचा, लखू मला. पेज खारट झाली, मार. आळणी झाली, मार. सत्त्याऐंशी साली त्येनं माझी बरगडी मोडली, तसा अण्णा कोयता घिऊन माझ्या सासरी, नंदिगड्ड्याला आला. लखूनंबी कोयता काढला. अण्णाचा खांदा फाटला, लखूची मांडी. रगात बघून पंच मधी पडले. म्हणाले, गावात पोलीस नकोत, देवळापुढं कोटाचा डाव मांडा. अण्णा जिंकला तर गिरजा म्हायेरी जाईल. लखू जिंकला तर अण्णानं परत गावात पाय ठेवायचा न्हाई. गिरजा म्हंजे मी. मला कुणी इचारलं? थूत्!

कोटाचा डाव आमच्याकडं जुना. देवळापुढच्या फरशीवर चौकटी कोरल्यात. दोघांनी आळीपाळीनं खडे ठेवून तटबंदी घालायची, बुरूज उभे करायचे, समोरच्याचे पाडायचे. ज्येचा कोट आधी बंद झाला त्यो जिंकला. देवापुढचा डाव, म्हणून खडा उजव्याच हातानं ठेवायचा. डावा हात लावला की हरला.

लखूनं अण्णाचे तीन बुरूज पाडले. अण्णानं दातओठ खात परत बांधले. शेवटी एकच खडा ऱ्हायला. अण्णानं त्यो उचलून हात फरशीवर न्हेला, आन लखूनं नारळ फोडायचा धोंडा त्या हातावर घातला. एकदा न्हाई, दोनदा. हाडं मोडल्याचा आवाज मला पायरीवर आयकू आला. वीस बापये उभे हुते मेले, एकानं लखूला धरलं न्हाई!

"ठेव की डाव्या हातानं," लखू हसत म्हणाला.

अण्णानं डावा हात पाठीमागं घेतला. खडा रगतात पडला हुता. चिरडलेल्या बोटांत त्यो धरता येईना. मग मनगटानं रेटत, गुरासारखा हंबरत, त्येनं त्यो चौकटीत न्हेऊन बसवला आन तिथंच आडवा झाला. कोट बंद झाला. मी लखूच्या घरात चपला आणायलासुदीक गेले न्हाई.

त्या हातानं अण्णानं पुन्हा चिरा उचलला न्हाई. डाव्या हातानं त्यो जेवत न्हाई, म्हणून आठ वर्सं झाली, त्येची बायको, माझी रुक्मावैनी, त्येला घास भरवती. परवा जेवताना मी इचारलं, "अण्णा, हरला असतास तर?"

"तर लखूला तिथंच तोडला असता."

"मंग आधीच का न्हाई तोडलास? हात तरी वाचला असता!"

अण्णा ठसका लागेपर्यंत हसला. मला न्हाई हसू आलं. मी खरंच इचारत हुते.