घरं हलवणारा गेरिट

गेरिट डायकेमाला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. जेवताना एक पाय ताटाकडे, एक दाराकडे. बायको नेल्व्हा म्हणायची, "माझ्या खुर्चीची गादी दोनदा बदलली. तुझी अजून दुकानातल्यासारखी कोरी!"

त्याचा धंदाच तसा होता. तो घरं हलवायचा. घरातलं सामान नव्हे, अख्खं घर. घराच्या तळाखाली लोखंडी तुळया सरकवायच्या, चहूबाजूंनी जॅक लावून घर तसूतसूनं उचलायचं, खाली चाकं घालायची आणि पहाटे रस्ते मोकळे असताना ते ट्रकनं ओढत न्यायचं. बापाच्या वेळी वर्षाकाठी दोन-चार कामं मिळायची. कुणी शेतावरचं घर गावात आणायचा, कुणी लेकीच्या वाट्याला द्यायचा.

आता कामं मोजायची सोय उरली नव्हती, आणि सगळी एकाच दिशेची. बोझमनमधली घरं बाहेर.

बोझमन म्हणजे डोंगरांनी वेढलेलं, विद्यापीठाचं गाव. पोरं शिकायला यायची, डोंगर बघून त्यातली काही इथेच राहायची. विद्यापीठाच्या दक्षिणेकडच्या गल्ल्यांत बैठी लाकडी घरं होती. एकात प्राध्यापक, शेजारी पोस्टमन, पलीकडे बेकरीवाला. मग बर्फावर घसरायला आलेल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांतल्या लोकांनीही तेच डोंगर पाहिले. त्यांचं काम कॉम्प्युटरवर, पगार तिकडचा, मुक्काम इकडे. बघता बघता जमीन सोन्याची झाली आणि तिच्यावरचं घर म्हणजे अडगळ. पाडायचा खर्च वाचावा म्हणून बिल्डर सांगायचे, घर फुकट न्या, फक्त उचला. ज्यांना गावात राहणं परवडत नव्हतं ते लांबच्या माळावर तुकडा घ्यायचे आणि गेरिट त्यांचं घर तिथे नेऊन टेकवायचा.

कॅफेत तो शिरला की कुणीतरी ओरडायचं, "गेरिट आला रे! घरं धरून ठेवा!" सगळे हसायचे. तोही हसायचा आणि कॉफी काउंटरवर उभ्यानं संपवून निघायचा. गावात गाडी चालवताना मात्र नजर नको तिथे जायची. हा खड्डा मी केला. तोही मीच. एका गल्लीतून तर त्यानं जाणंच सोडलं होतं.

मार्चमध्ये ब्रेडनचा फोन आला. हा तरुण बिल्डर इथेच शिकलेला, ह्याच गल्ल्यांत भाड्याच्या खोलीत राहिलेला. बोलायला गोड.

"गेरिट, एक छोटंसं घर आहे माझं. कॉटनवुड रस्त्यावर, हिरव्या दाराचं. जूनमध्ये उचलाल का?"

गेरिटच्या डोळ्यांपुढे रस्ता आला.

"अजून भाडेकरूंना कळवलेलं नाही हं," ब्रेडन म्हणाला. "एप्रिलच्या शेवटी कळवू. तोवर तुमच्यापाशीच ठेवा."

हिरव्या दाराच्या घरात ट्रीना राहत होती. गेरिटची एकुलती एक लेक. गावातल्या शाळेत दुसरीला शिकवायची. तिचा नवरा ओवेन विद्यापीठाच्या वसतिगृहांतले नळ आणि हीटर दुरुस्त करायचा. तिला सातवा महिना होता.

त्याच दुपारी तो तिच्याकडे गेला. ट्रीना मागच्या खोलीत स्टुलावर उभी राहून भिंतीला पिवळा रंग देत होती.

"बाबा, बरा आलास! हा कोपरा माझ्या हाताला येत नाहीये. बाळाची खोली. मालक म्हणाला, रंगवा खुशाल."

"मालक म्हणाला?"

"हो. आज भलताच गोड बोलला."

गेरिटनं ब्रश घेतला. कोपरा रंगवला, मग उरलेली भिंतही. सांगायला तोंड उघडलं की ती काहीतरी दाखवायची. पाळणा, आजीनं पाठवलेली गोधडी. तो न सांगताच घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि ओसरीची पायरी दुरुस्त केली. मग पन्हळ साफ केली. मग खिडकीची काच बसवली. नेल्व्हालाही सांगितलं नाही. रात्री कूस बदलत राहायचा आणि उजाडायच्या आत घराशेजारच्या आपल्या यार्डात जाऊन चाकांना ग्रीस लावायचा.

"तिच्या घराचं काय चाललंय तुझं?" नेल्व्हानं विचारलं. "विकत घेतोयस की काय?"

एप्रिलअखेर नोटीस आली. ट्रीना आईकडे येऊन रडली, मग घरं शोधायला लागली. दोघांचा पगार मिळूनही गावात दीड खोली परवडत नव्हती. शाळेतल्या दोघी शिक्षिका आधीच पन्नास मैलांवरून येत होत्या. एकीनं हिवाळ्यात गाडी बर्फावरून खड्ड्यात घातली होती.

मग एका सकाळी ब्रेडनचा माणूस मापं घ्यायला आला आणि सहज म्हणाला, "डायकेमांशी मार्चमध्येच बोलणं झालंय. चांगलं उचलतील ते."

ट्रीना तडक यार्डात आली. गेरिट ट्रकखाली होता.

"बाहेर ये, बाबा."

तो बाहेर आला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं आणि भिंत रंगवत होतास?"

"सांगणार होतो गं."

"कधी? घर ट्रकवर चढल्यावर? दोन महिने मिळाले असते मला. तेव्हा शाळेमागची ती जागा रिकामी होती, बाबा. मी चौकशीसुद्धा केली नाही, कारण मला घर होतं!"

तो हातातलं फडकं पिळत उभा राहिला. ती गेली. पुढे कितीतरी दिवस फक्त आईशीच बोलत होती.

गेरिटनं ब्रेडनला फोन केला. "ते घर मला हवं."

"घ्या की. फुकटच आहे."

"फुकट आहे ते माहीत आहे मला," गेरिट म्हणाला आणि फोन ठेवला.

जूनमध्ये त्यानं घर उचलून आपल्या यार्डात आणून ठेवलं. तुळयांवर, जमिनीपासून पुरुषभर उंच, दाराला पायरी नाही. नगरपालिका ते तिथे टेकवू देईना. ट्रीना, ओवेन आणि तान्ही मुलगी नेल्व्हाच्या वरच्या खोलीत राहायला आली होती. रोज सकाळी खिडकी उघडली की समोर आपलंच घर लटकलेलं. ट्रीनानं त्या खिडकीला चादर लावली.

"हे काय करून ठेवलंत?" ओवेननं एकदा चाचरत विचारलं. "म्हणजे... आभारी आहोत, पण पुढे?"

"बघू," गेरिट म्हणाला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

वाट ट्रीनानंच काढली. ऑगस्टमध्ये हार्लोटनच्या शाळेनं तिला घेतलं. शंभर मैलांवरचं माळरानातलं गाव, जिथे शिक्षक मिळत नव्हते म्हणून शाळा घरापुरती जमीनही देत होती. ओवेनला दवाखान्याच्या डागडुजीचं काम मिळालं. ट्रीना जेवताना म्हणाली, बापाकडे न बघता, "ते घर तिथवर जाईल का?"

"एवढं लांब मी कधी नेलेलं नाही."

"जाईल का ते विचारलं."

"जाईल," गेरिट म्हणाला.

छप्पर उतरवावं लागलं, नाहीतर पुलांखालून घर निघालं नसतं. वरून ताडपत्री आवळली. पुढे नेल्व्हा पिवळा दिवा लावलेली गाडी घेऊन, मागे ट्रकवर गेरिट. घाट टाळून उत्तरेच्या लांबच्या रस्त्यानं, बैलगाडीच्या चालीनं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर वारं सुटलं. ताडपत्री फडफडायला लागली, घर डुलायला लागलं. गेरिटनं ट्रक रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत घेतला आणि चाकांना ओंडके लावले. पुढे जाणं शक्यच नव्हतं.

वाऱ्यानं उभं राहवेना, तेव्हा दोघं शिडी लावून घरातच चढली. पिवळ्या खोलीत जमिनीवर बसून सँडविच काढली. भिंती करकरत होत्या. गेरिट उठला, खिडकीतून चाकं पाहून आला, बसला, पुन्हा उठला.

"बस," नेल्व्हा म्हणाली. "वारं तुझ्या बघण्यानं थांबणार नाही."

तो बसला.

"एक विचारू? तेव्हा तिला का नाही सांगितलंस?"

"ब्रेडननं सांगितलं होतं, कुणाला बोलू नका."

"हे तू कॅफेत सांग, मला नको."

त्यानं हातातलं सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाला, "फोन आला ना, तेव्हा पहिलं मनात काय आलं सांगू? कॉटनवुडचं वळण अरुंद आहे, मेपलची मोठी फांदी तोडावी लागेल. हे आलं. मग लक्षात आलं घर कुणाचं ते." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पोटची पोर राहते तिथे, नेल्व्हा, आणि मी फांदी बघत होतो. तिच्यापुढे हे कसं बोलू?"

नेल्व्हानं त्याची समजूत घातली नाही. अर्धं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं.

"तोडलीस का फांदी?"

"तोडली."

"मग हे तिला सांग. हेच सांग."

वारं पडायला संध्याकाळ झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी घर हार्लोटनला पोचलं. अर्धं गाव बघायला जमलं होतं. कुणीतरी डोनट आणले होते. ट्रीना मुलीला छातीशी घेऊन नव्या जोत्यापाशी उभी होती.

गेरिट ट्रकमधून उतरून तिच्याकडे गेला आणि माणसांच्या गर्दीतच त्यानं तिला ते फांदीचं सांगितलं. अडखळत, जमिनीकडे बघत. ट्रीनानं सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडाच होता.

"अजून राग आहे मला, बाबा."

"असू दे."

"आणि धर हिला. हात भरून आलाय माझा."

त्यानं नातीला घेतलं. मग विचारलं, "घर टेकवताना स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला करू? दक्षिणेला केली तर डोंगर दिसतील."

"रस्त्याकडे कर," ट्रीना म्हणाली. "माणसं दिसू देत. डोंगर खूप पाहिले."

त्यानं तसं केलं.

गेरिट अजून घरं हलवतो. फोन आला की आधी विचारतो, आत कुणी राहतं का, त्यांना सांगितलंत का. काही बिल्डर ह्या प्रश्नामुळे दुसरीकडे गेले. ब्रेडनही गेला. कामं कमी झाली, पण बंद पडली नाहीत, कारण गाव थांबलेलं नाही. परवाच एकाचा फोन होता. विद्यापीठाजवळचं कौलारू घर, बाई म्हातारी आहे, तिला सावकाश कळवू म्हणाला.

"आधी तिला सांगा," गेरिट म्हणाला. "मग मला फोन करा."

पलीकडून फोन बंद झाला. गेरिट थोडा वेळ यार्डात येरझारा घालत राहिला. मग गाडी काढली आणि ती म्हातारी राहते ते कौलारू घर नेमकं कुठलं ते शोधायला निघाला.